तरीची मालकीण

पूल होणार, असं सरकारी पाहुणे सांगून गेले
त्या संध्याकाळी धक्क्यावर कोणी जेवलं नाही.
चार बोटी, एकसष्ट माणसं,
आणि मी, हिशोबनीस रेमिहिओ,
अठ्ठावीस वर्षं तिकिटांची थोटकं मोजणारा.
मनात आकडे मांडून बसलो होतो:
पुलाचे खांब उभे राहायला सात वर्षं,
आम्ही आडवे व्हायला एक दिवस.

एदेल्मिरा कार्कामो उशिरा आली.
गमबुटांना चिखल, काखेत
उकडलेल्या बटाट्यांचं पातेलं.
म्हणाली, आधी खा. मग रडू.

वाटलं, आता भाषण करील.
तिने विचारलं एवढंच,
"पहाटेच्या फेरीला कोंबड्या घेऊन येते ती बाई
आपल्या बोटीत का बसते?"
कोणी म्हणालं, स्वस्त पडतं. कोणी म्हणालं, सवय.
इंजिनवाला हुएंचूर, जो एरवी फक्त यंत्रांशी बोलतो,
हाताचं तेल पुसत म्हणाला,
"तिला बोट नकोच आहे.
तिला पलीकडे जायचंय."
एदेल्मिरा त्याच्याकडे बघतच राहिली,
दाट धुक्यात दिवा दिसावा तशी.

दुसऱ्या दिवशी मला कोरी वही मिळाली.
आपला धंदा तरीचा, ती म्हणाली,
यात जरचा हिशोब ठेव.
जर पूल झाला. जर मासे आटले.
जर शिकायला गेलेली पोरं परतलीच नाहीत.
जमेच्या बाजूला काय लिहायचं ते मला कळेना.
तिथे, म्हणाली, माणसांची नावं.

आणि ती महिनाभर दिसलीच नाही.
मागच्या बेटांवर हिंडत होती,
जिथे पूल शंभर वर्षांतही पोचणार नाही:
कुठे बाळंतीण वादळात अडकलेली,
कुठे मास्तर आठवड्यातून दोनदाच येणारा,
कुठे मुठीएवढा लसूण
गिऱ्हाइकाची वाट बघत कोंब फुटून गेलेला.

सुनावणीत गावाला वाटलं, ही पुलाला आडवी येणार.
ती म्हणाली, बांधा. लवकर बांधा.
माझा बाप या धक्क्यावर गेला,
छातीवर हात दाबून, बोट सुटायची वाट बघत.
बोट आमचीच होती.
वारा फार होता.

मी तिची आरती ओवाळत नाही.
शीतगृहाचा बेत तिचाच. दोन हिवाळ्यांत बुडाला.
माझ्या बहिणीची साठवण होती त्यात.
एदेल्मिराने सगळ्यांदेखत चूक कबूल केली,
आणि पगारपत्रकात स्वतःच्या नावापुढे
शून्य लिहायला लावलं, अकरा महिने,
माझ्याच हाताने.
बहिणीने तिला अजून माफ केलेलं नाही.
तेही वहीत आहे. तिनेच लिहायला सांगितलं.

माझ्या आजोबांचं घर या किनाऱ्यावर
पाण्यावरून आलं होतं.
खाली ओंडके, पुढे बैल, मग भरती आणि होड्या;
इर्जिकीला अख्खं गाव.
घर तेच होतं. काठ बदलला.
आम्ही कंपनी हलवली तेव्हा
मला सारखं ते घर आठवायचं,
आणि एक खिडकी, जी वाटेत फुटलीच.

दोन बोटी विकल्या. हुएंचूर रडला, लपून.
उरलेल्या दोन मागच्या बेटांना जातात:
एकीत डॉक्टरीण आणि खाट,
दुसरीत लसूण, टपाल, मास्तर.
नफा? आहे. फार नाही.
पुढची पोरं काय करतील
ते त्यांनी ठरवायचं, म्हणून वहीची शेवटची
वीस पानं तिने कोरी ठेवलीत.
मला हात लावू देत नाही.

परवा कोंबड्यावाली दिसली,
पुलावरून, बसमध्ये.
काच पुसून मी हात केला.
तिने खाली पाण्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
वाईट वाटलं. एदेल्मिराला जाऊन सांगितलं.

ती दोर गुंडाळत होती.
मान वर न करता म्हणाली,
"पोचली ना?"